मधली पट्टी

१

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला पिंपळझरीत वीज नव्हती. त्यात नवल काही नव्हतं, पंच्याऐंशी साली समुद्रपूरच्या आसपासच्या गावांत ती असली तरच लोक चर्चा करत. नवल हे की आनंदाबाई मातृसदनात बाळंतपणाच्या टेबलावर बॅटरीचा जो दिवा होता, तोही ऐन वेळी दगा देऊन गेला. मुलगी जन्मली होती. वार पडायची होती आणि रक्त थांबत नव्हतं. नर्सबाईंना सुई लावायला शीर दिसेना. कंदील शोधून, काच पुसून, पेटवून आणेपर्यंत नलू गेली. तिला तेविसावं चालू होतं.

शनिवारी दुपारी तिचे वडील बबनराव मातृसदनाच्या बॅटरीच्या खोलीत उभे होते. हिंगणघाटच्या एका ट्रक गॅरेजात त्यांनी तीस वर्षं बॅटऱ्याच केल्या. सदरा नवा असो की जुना, पोटापाशी ॲसिडची भोकं ठरलेली. आज अंगावर होता तो लेकीच्या अंत्यविधीला घातलेलाच होता.

"तुमच्याइतकं यातलं कोनाले समजते, बबनराव?" मातृसदनाचे अध्यक्ष नानाजी दारातूनच म्हणाले. आईच्या नावानं त्यांनीच हे बांधलं होतं. "पाहा, आन् दोन ओळी लिहून द्या. पाच वाजता पोलीस ठान्याचा जमादार येऊन राह्यला. प्रेमदासले पंचायतीच्या खोलीत कोंडलं हाये. तुमचा कागद भेटला का त्याले घेऊन जाईन."

प्रेमदास मातृसदनाचा वायरमन. दिवा, पंखा, बॅटऱ्या सगळं त्याच्याकडे. त्याला फासावर चढवायची बबनरावांच्या मनाची पूर्ण तयारी होती, फक्त कशासाठी ते कागदावर उतरायचं होतं. त्याचं तोंडही त्यांना पाहायचं नव्हतं. नानाजींनी "इचारता का त्याले काही?" म्हटलं तेव्हा त्यांनी नुसता हात झटकला होता.

लाकडी फळीवर दोन बॅटऱ्या होत्या, एक डावी, एक उजवी. नलू या गावची सून झाली त्या वर्षी बबनरावांनीच त्या दिल्या होत्या. ट्रकमधून उतरवलेल्या, जुन्या, पण जोडीच्या. प्रत्येक बारा व्होल्टची. डावीचं एक टोक उजवीच्या उलट टोकाला शिशाच्या जाड पट्टीनं जोडलं की बारा आणि बारा चोवीस होतात, आणि चोवीसवर ट्रकचा मोठा दिवा लख्ख पेटतो.

बबनरावांनी डावीची बुचं उघडली. आत पाणी नव्हतं म्हटलं तरी चालेल. प्लेटी उघड्या पडल्या होत्या.

"पाह्यलं?" नानाजी म्हणाले. "हे बॅटरी रोज पानी पेत होती म्हन्ते सारं गाव. अन् हा हरामखोर पानी टाकत नव्हता. बेमार बॅटरी वाऱ्यावर सोडली यानं. लिहा."

बबनरावांनी लिहिलं नाही. त्यांनी उजवीची बुचं उघडली. तिच्यात पाणी काठोकाठ होतं. खिशातून काचेची नळी काढून त्यांनी आधी उजवीचं आणि मग डावीच्या तळाशी उरलेलं ॲसिड ओढून पाहिलं, आतली कांडी किती वर तरंगते ते दोनदा वाचलं. मग ते फळीवर टेकले.

"नानाजी, पानी पेत होती थे बॅटरी बेमार नसते," ते म्हणाले. "थे चांगली हाये. मेली ते ही दुसरी."

२

तहान लागते ती आजारी, असं गाव समजतं, कारण माणसात तसं असतं. बॅटरीत उलटं. पोट भरल्यावरही वीज पाजत राहिलं की पाणी उकळून उडतं. एका साखळीत दोघी असल्या की दोघींना सारखीच वीज जाते. एक रिकामी राहिली तर वीज भरायचं यंत्र दोघींनाही पाजत बसतं, आणि भरलेली उगाच भोगते. थोडक्यात, डावी कोरडी पडली ती उजवीपायी.

मग उजवी रिकामी का?

"बदलली असन," नानाजींनी लगेच सांगितलं. "चांगली नेली, भंगार आनून ठेवली. साक्षीदार हाये. शकुबाई!"

शकुबाई ओसरीवर तयारच बसली होती. साक्ष देणं हा तिचा चार दिवसांचा उद्योग झाला होता, आणि म्हातारी दरवेळी त्यात थोडी भर घालत असे.

"माह्या डोयानं पाह्यलं, बापा. रविवारी दिवेलागनीले प्रेमदास ब्याटरी घेऊन वावराच्या रस्त्यानं जाऊन राह्यला होता."

बबनराव कागदाकडे वळले. पण तीस वर्षांची सवय, प्रश्न आपोआप आला. "कोन्त्या हातात?"

"उजव्या."

"आन् डाव्या हातात?"

"पिशवी होती. भाजीची असन."

"बॅटरी लावली होती का बंद होती?"

"लावली नाई त काय! माह्या तोंडावरच मारली उजेडाची तिरीप. डोये दिपले माहे."

फळीवरची बॅटरी उचलायला दोन गडी लागत आणि दोघेही नंतर कंबर धरत. आणि या भागात हातात धरायच्या दिव्यालाही बॅटरीच म्हणतात. म्हातारी अक्षरन् अक्षर खरं बोलली होती. चार दिवस सगळं गाव एका शब्दावर माणसाला चोर ठरवत होतं, आणि कोणती बॅटरी हे एकानंही विचारलं नव्हतं.

तरी खात्री करावी म्हणून ते परत आत गेले. दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर त्यांनी स्वतः ठोकलेलं 'ब' होतं, वळण त्यांचंच. काहीही बदललं नव्हतं.

बाहेर शकुबाईचं चालूच होतं. "गुनाची पोट्टी होती वं बापा तुमची. त्याच रविवारी मले खाटेवर जवळ बसवलं, म्हने आजी, पिच्चर पाह्य. तुमी देलेल्या टीवीवर. अर्धा पिच्चर मुंग्याच मुंग्या होत्या, पन..."

"शकुबाई, घरी जा आता," नानाजी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

लेकीचं नाव निघालं की बबनरावांना पुढचं काही ऐकू येत नसे. म्हणून त्यांनी त्या वेळी ते वाक्य नुसतं जाऊ दिलं.

३

नर्स मीराबाई वर्ध्याच्या. वडील कारकून, बोलणं पुस्तकी, आणि चार दिवसांत चेहरा निम्मा झालेला. बाळाला दूध पाजून त्या ओसरीवर आल्या. बबनरावांनी बाळाकडे पाहिलं नाही. त्यांच्याच्यानं ते अजून होत नव्हतं.

"बाई, त्या दिवशी यंत्राचा काटा कोनी पाह्यला होता?"

"मीच पाहिला. दुपारी तीनला. हिरव्या पट्ट्यात होता. प्रेमदासनंही सकाळी पाहिला होता, तेव्हाही हिरव्यातच."

"आन् तरी दिवा दहा मिनटात विझला."

"विझला नाही." मीराबाईंनी पदर तोंडाशी धरला. "विझला असता तर मी आधीच कंदील मागवला असता. तो लाल झाला. निखाऱ्यासारखा लाल, आणि तसाच राहिला. मला वाटलं, आत्ता उजळेल, आत्ता उजळेल. रक्तही लाल, उजेडही लाल. मला काही दिसेचना, बबनराव."

बबनरावांच्या डोक्यातलं गॅरेज चालू झालं. ते नसतं तर ते तिथेच कोसळले असते.

दोन्ही बॅटऱ्या सारख्या संपल्या असत्या तर दिवा हळूहळू मंद होत गेला असता आणि काटा दुपारीच लाल पट्ट्यात पडला असता. काटा दोघींची बेरीज दाखवतो. एक तुडुंब आणि एक उपाशी, तरी बेरीज हिरव्यात दिसते. भार टाकला, म्हणजे दिवा लावला, की उपाशी बसते आणि दिव्याला उरते एकटीची वीज. चोवीसचा दिवा बारावर लाल जळतो. म्हणजे उजवी एकटीच कुणीतरी संपवली होती, रोज थोडी थोडी, आणि ती रोज पुरती भरत नव्हती.

"बाई, उजव्या बॅटरीवर काय लावत होते?"

मीराबाईंनी मान वर केली. त्यांची नजर बबनरावांच्या खांद्यावरून मागे गेली. मागे नानाजी उभे होते.

"मला बाळाकडे बघायला हवं," म्हणून त्या आत गेल्या.

बबनराव पुन्हा खोलीत शिरले आणि गुडघ्यांवर बसले. डावीच्या बाहेरच्या टोकावर पांढरी-हिरवी बुरशी जशीच्या तशी होती, महिनाभर कुणी बोट लावलं नव्हतं. उजवीचं बाहेरचं टोक मात्र घासून चमकत होतं. आणि दोघींना जोडणारी मधली पट्टी, मऊ शिशाची, तिच्यावर बारीक दातांचे ठसे होते. एकावर एक, पंधरा-वीस तरी. चिमट्याचे दात.

मधली पट्टी आणि उजवीचं टोक. त्या दोघांत मिळतात बरोबर बारा व्होल्ट.

गावात बारावर चालणारं काय होतं?

४

"तुमचा भोंगा बारावर चालते ना, नानाजी?"

नानाजींनी तो काढून दाखवला, जरा जास्तच उत्साहानं. भजनाचा भोंगा, त्याची पेटी, आणि तिचे चिमटे. चिमटे चांगले मुठीएवढे होते. पट्टीवरचे दात बारीक होते, उंदराचे असावेत तेवढे. बबनरावांनी भोंगा बाजूला सारला.

खोलीची एक भिंत बायकांच्या खोलीला लागून होती. फळीच्या वर वीतभर, त्या भिंतीला नवं भोक होतं. खाली विटेचा भुगा अजून पडलेला. बबनराव वळसा घालून पलीकडे गेले. भोक निघत होतं खिडकीजवळच्या खाटेच्या उशाशी. खिडकीच्या गजाला एक चपटी, दोन तारांची पट्टी बांधून तोडलेली होती, बाहेर बांबूवर ॲन्टेना लावतात त्याची. तोडणाऱ्यानं घाईत गाठ तशीच ठेवली होती.

ती चपटी तार त्यांनीच हिंगणघाटच्या बाजारातून आणली होती. दिवाळीत, लेकीला दिलेल्या छोट्या टीव्हीबरोबर.

आता शकुबाईचं वाक्य त्यांना ऐकू आलं. रविवारी नलूनं तिला खाटेवर जवळ बसवलं. पण पाय सुजले म्हणून नलूला दहा दिवस आधीच मातृसदनात आणून ठेवलं होतं. रविवारी तिची खाट ही होती.

"जवाईले बलवा," ते म्हणाले.

रूपराव आले ते मान खाली घालूनच. दाढी वाढलेली, हातात टोपी. सासऱ्यासमोर बसायचं नाही म्हणून उभेच राहिले.

"मामाजी, थे रडत होती. दहा दिवस इथं पडून कशी राहू म्हने. घरून टीवी आनून देल्ला मी. लाइन आली तरी सांजच्याले व्होल्टेज इतकं पडे का पडद्यावरची मान्सं करंगळीएवढी होत. मंग बॅटरीवर लावला. रोज दोन-तीन घंटे. खोलीतल्या साऱ्या बाया पाहत. थे हासे, मामाजी. शेवटचे आठ दिवस थे हासत होती."

"मधल्या पट्टीवरून काऊन लावला?"

"चोवीसवर लावला असता त जळला असता ना."

"थे मले माहीत हाये! तुमाले कोनी सांगतलं?"

रूपराव गोंधळले. "नलूनंच सांगतलं. दिवाळीले तुमी नाई का दाखोलं? गॅरेजात ट्रक उभा होता, त्याच्या एका बॅटरीवर टीवी लावला तुमी. म्हनले, चोवीसले भ्यायचं नाई, दोनातल्या एकीवर बारा भेटते. थे बाजूलेच उभी होती."

खाटेचा लोखंडी गज बबनरावांच्या हाताला लागला, तो त्यांनी धरला.

तीस वर्षं त्यांनी याच गोष्टीवरून ड्रायव्हरांना शिव्या घातल्या होत्या. एका बॅटरीवर टेप लावून गाणी ऐकता आणि जोडीचा सत्यानाश करता म्हणून. एकीवर काही लावलंच तर ती सोडवून वेगळी भरावी लागते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. दिवाळीत ते सांगणारही होते. पण पडद्यावर गाणं लागलं, नलूनं टाळ्या वाजवल्या, आणि जावयासमोर शहाणपणा मिरवून झाला होता. उरलेलं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं.

"म्हनूनच आमी झाकलं," नानाजी मागून म्हणाले. आता आवाज मऊ होता. "बाईंच्या ध्यानात आलं होतं दुसऱ्या दिवशी. मीच म्हनलं, बोलायचं नाई. हा पोरगा जीव देईन. आन् तुमी? तुमाले काय सांगायचं? टीवी मीच इथून काढून देल्ला. कोनी तरी पाह्यजेच होतं, बबनराव. प्रेमदासले काय, ना बायको ना पोर. सहा महिन्यात सुटला असता."

हे सगळं त्यांनी मायेनं केलं होतं, खोटं नाही. गावाला माया फार. ती कुणावर करायची आणि कुणाच्या जिवावर, एवढंच आधी ठरलेलं असतं. प्रेमदासचं घर नाल्यापलीकडे होतं, आणि नाल्यापलीकडच्या माणसाची बाजू मातृसदनाच्या मंडळात कुणी मांडत नसे.

रूपरावांनी एकदा सासऱ्याकडे, एकदा अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांना आत्ता कळत होतं.

"म्हंजे मामाजी," त्यांनी विचारलं, "दिवा टीवीनं खाल्ला?"

बबनरावांना खोटं बोलता आलं असतं. दोन ओळींचं काम होतं. जुनी बॅटरी, अचानक निकामी.

५

जमादार पाचच्या आधीच आले. ओसरीवर खुर्ची टाकून त्यांनी कागद पुढे केला.

"जुन्या होत्या, बसल्या, असं लिहा," नानाजी कानाशी लागले. "प्रेमदास बी सुटते, जवाई बी सुटते. कोनाचंच काही जात नाई."

"माही पोरगी गेली," बबनराव म्हणाले.

त्यांनी लिहिलं. अक्षर गॅरेजातलं, मोठं आणि वाकडं. उजवी बॅटरी एकटी वापरून रिकामी झाली. डावी जास्त भरून कोरडी पडली. काटा बेरीज दाखवतो म्हणून कुणाला समजलं नाही. वायरमन प्रेमदासचा यात दोष नाही. टीव्ही जावयानं लावला. तो लावायची रीत मी, खाली सही करणारा, यानं दाखवली, आणि धोका ठाऊक असून सांगितला नाही. सहीतलं 'ब' नेहमीसारखंच आलं.

जमादारांनी दोनदा वाचलं. "यात गुन्हा कोनाचा धरू मी? चोरी नाई, मारामारी नाई. कागद साहेबापुढे ठेवतो." मग त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला. "वायरमनले सोडून द्या."

रूपराव अंगणात मातीत बसले होते. मीराबाई त्यांच्याजवळ बाळ घेऊन गेल्या, आणि ते हात पुढे करेनात.

पंचायतीच्या खोलीचं कुलूप उघडायला बबनराव स्वतः गेले. चार दिवसांत ज्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही, तो माणूस भिंतीला पाठ लावून बसला होता. पस्तिशीचा, किडकिडीत. बोटांना ॲसिडचे तेच पिवळे डाग, बबनरावांच्या बोटांसारखे.

"सुटला तू," बबनराव म्हणाले. "मी लिहून देल्लं. माफी माग म्हनशीन त मागतो."

प्रेमदास उठला. सदरा झटकला. माफी माग असं तो म्हणाला नाही, आणि माफ केलं असंही नाही.

"तुले माहीत होतं का? टीवीचं?"

"हो."

"मंग चार दिवस बोलला काऊन नाई?"

"कोनाले बोलू? टीवी निंघून गेलता. म्या म्हनलो असतो, त माहंच ऐकलं असतं का नानाजींचं?"

"आन् त्याच्या पहिले? जोडी बसून राह्यली, डावी पानी पेऊन राह्यली, तुले दिसत नव्हतं?"

प्रेमदास दारापर्यंत आला. तिथं थांबला. त्याला ते सांगायचं नव्हतं, हे बबनरावांना दिसत होतं. तरी त्यांनी वाट अडवून धरली.

"त्याच्या पहिलेच्या शुक्रवारीच दिसलं होतं," प्रेमदास म्हणाला. "म्या चिमटे काढून टाकले. आत जाऊन नलूताईले सांगतलं बी, का ताई, एकच बॅटरी खाली होऊन राह्यली, दिवा दगा देईन. त थ्या हासल्या. म्हने, माह्या बाबानं सांगतलं, चालते. हिंगनघाटले बॅटरीतलं त्यायच्याइतकं कोनाले समजत नाई."

"मंग?"

"मले बी तुमचं नाव माहीत होतं, बबनराव. म्या म्हनलं, त्यायनं सांगतलं असन त मीच चुकत असन." त्यानं बबनरावांच्या हाताखालून वाट काढली. "मंग चिमटे म्या परत लावून देल्ले."